अंगणात वार करण्यासाठी पहिली चिनी तलवार: काय बघून घ्यावी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर चोपडा तालुक्यात मामांच्या मळ्यात गेलो होतो. केळीची कापणी उरकली होती, घड गेलेली खोडं ओळीनं उभी होती. माझ्याकडे वुशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलेच्या, सरावाची दाओ होती. दाओ म्हणजे एकधारी, किंचित बाकदार चिनी तलवार. माझी स्टेनलेस स्टीलची, चकचकीत, हलवली की पत्र्यासारखी फडफडणारी. रस्त्यावरच्या धारवाल्याकडून तिला धार लावून आणली होती. पहिले तीन वार झकास गेले. चौथ्या वाराला हात एकदम हलका झाला. बघतो तर हातात नुसती मूठ, आणि पातं आठ-नऊ पावलांवर ठिबकच्या नळीशेजारी मातीत रुतलेलं. मामेभाऊ माझ्या मागे उभा होता. तो पुढे असता तर काय झालं असतं, हे मला आजही मनात आणवत नाही.

मूठ फोडून पाहिली. आत पेन्सिलीएवढी सळई, पात्याच्या बुडाला वेल्डिंगनं चिकटवलेली. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा पडला होता, उरलेला अर्धा ताजा, चांदीसारखा. म्हणजे भेग आधीपासून होती. त्या दिवशी फक्त उरलेलं अर्धं तुटलं. तो तुकडा बाजारातल्या लोहारआबांना दाखवला. त्यांनी पातं दोन बोटांनी वाकवलं, नखानं टिचकी मारली आणि म्हणाले, "हाई तरवार नई शे भो, हाऊ पत्रा शे."

हा लेख त्या चौथ्या वारातून आला आहे. तलवार घेताना आपण पातं बघतो, पण नवशिक्याची तलवार बहुतेक वेळा दगा देते ती मुठीत. म्हणून इथे मुठीवर जास्त लिहिलं आहे आणि चकाकीवर जवळजवळ काहीच नाही.

आधी कायदा, मग तलवार

हे टाळून पुढे जाऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांत तलवार हे शस्त्रच धरलं आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं त्या वर्गात येतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून मळ्यातला कोयता चालतो, पण कोयत्याएवढ्याच लांबीची तलवार त्याच नियमानं चालत नाही. कलम ४ खाली अधिसूचना असलेल्या भागात अशी तलवार जवळ बाळगायलाही परवाना लागतो, आणि तो नसेल तर शिक्षा तुरुंगाची आहे. परदेशातून शस्त्र आणायचं तर कलम १० खाली वेगळा परवाना लागतो. 'शोभेची वस्तू' असं लिहून पार्सल मागवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पार्सल पकडलं गेलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तुमचा जो जिल्हा असेल तिथे. काय हवं आहे आणि कशासाठी हवं आहे ते सरळ सांगा, उत्तर लेखी घ्या. परवाना हातात आल्यावरच ऑर्डर द्या. शिवाय सणासुदीला, निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत तलवार घेऊन घराबाहेर पडायचं नाही, मळ्यातही न्यायची नाही. गावच्या लोहाराकडून गुपचूप बनवून घेऊ असंही मनात आणू नका. शस्त्र बनवून विकायला कलम ५ खाली परवाना लागतो, आणि त्या बिचाऱ्याचा भाता तुमच्या हौसेपायी बंद पडेल.

कागदपत्रांना वेळ लागतो. तो वाया घालवू नका. लाकडी दाओ घ्या आणि रोज शंभर वार हवेत करा. पुढे लागणारं निम्मं काम याच दिवसांत होतं.

दाओ घ्यावी की ज्येन?

चिनी तलवारींचे ढोबळ दोन वंश आहेत. ज्येन सरळ आणि दुधारी, दाओ एकधारी. चिनी आखाड्यांत एक जुनी म्हण आहे: दाओला शंभर दिवस, भाल्याला हजार दिवस, ज्येनला दहा हजार दिवस. अंगणात वार करायचे असतील तर या म्हणीचं ऐका. ज्येनच्या दोन्ही कडांना धार असल्यामुळे पाठीकडून जाड राहायला तिला जागा नसते. धारेची रेघ, म्हणजे धार आणि वार एकाच दिशेत असणं, जराशी चुकली की पातं खोडात पिळलं जातं. शिवाय वार फसून तलवार मागे आली तर तुमच्याकडे येते तीही धारच. दाओला जाड पाठ असते, आणि चुका ती सोसते.

दाओमध्येही प्रकार आहेत. दुकानांत सगळ्यात जास्त दिसते ती 'बैलशेपटी', चिनी भाषेत निउवेइदाओ. टोकाकडे पसरट होत जाणारी, सिनेमात दिसते तशी. ही छिंग राजवटीच्या शेवटच्या काळातली, सैन्याची नव्हे तर नागरिकांची तलवार. जुन्या अस्सल बैलशेपटीचं पसरट टोक अगदी पातळ असे, म्हणून ती हातात हलकी वाटे. आजच्या स्वस्त नकलेत सगळी पट्टी सारख्याच जाडीची ठेवतात, मग सगळा भार टोकाला जातो आणि दहा वारांत मनगट भरून येतं. पहिल्या तलवारीसाठी माझी पसंती लिउयेदाओला आहे, म्हणजे 'विलोपानी' दाओ. मिंग आणि छिंग काळात सैनिकांच्या कमरेला असायची ती हीच. बाक सौम्य, रुंदी बेताची, वजन साधारण ८०० ते १००० ग्रॅम, पातं ७० ते ७५ सेंटिमीटर.

ज्यांचा हात कोयत्या-कुऱ्हाडीवर बसला आहे, त्यांना दादाओ ओळखीची वाटेल. ही दोन हातांनी धरायची, रुंद आणि वजनदार. १९३३ साली चीनच्या भिंतीजवळ शीफेंगकोऊ इथे चिनी २९ व्या सैन्यानं जपान्यांशी लढताना ती वापरली, तेव्हापासून तिचं नाव झालं. ती टिकते खरी, पण तिच्यावर शिकलेला माणूस जोर लावायला शिकतो, रेघ धरायला नाही. म्हणून ती दुसरी घ्या.

पोलाद आणि पाणी

विकणारा आकडे सांगेल. त्यांचा अर्थ लागला पाहिजे. १०४५, १०६०, १०९५ ही साध्या कार्बन पोलादाची नावं आहेत, शेवटचे दोन अंक कार्बनचं प्रमाण सांगतात. १०६० मध्ये सुमारे ०.६ टक्का, १०९५ मध्ये सुमारे ०.९५ टक्का. कार्बन वाढला की धार जास्त टिकते, पण पातं ठिसूळ होण्याचा धोकाही वाढतो. १०४५ धारेसाठी जरा मऊच. टी-१० मध्ये कार्बन सुमारे एक टक्का. हे पोलाद चांगलं, पण पाणी देणाऱ्याचा, म्हणजे पातं तापवून, बुडवून कडक करणाऱ्याचा हात पक्का हवा.

नवशिक्यासाठी मी तीन नावं सांगेन: १०६०, ५१६० आणि ६५ एमएन. शेवटची दोन स्प्रिंगची पोलादं. ट्रकच्या कमानीचे पाटे आपल्याकडे भंगारात मिळतात आणि लोहार त्यांचे कोयते घडवतात, ते याच जातीचं पोलाद. खड्ड्यात आदळलं, वाकलं तरी परत सरळ होणं हा त्याचा गुण, आणि चुकीच्या वाराला पात्याकडून आपल्याला तेच हवं असतं. स्टेनलेस मात्र नको. एवढ्या लांब पात्यात सरावाच्या तलवारींचं स्टेनलेस वारासाठी भरवशाचं नसतं. माझं उदाहरण वर दिलंच आहे.

पण लोहार जाणतात की नुसत्या पोलादावर काही नसतं, पाणी कसं दिलंय त्यावर सगळं असतं. विक्रेत्याला सरळ विचारा: पातं पूर्ण कडक करून मग पुन्हा बेतानं तापवून उतरवलेलं आहे का, की पाठीला माती लावून फक्त धार कडक केली आहे? माती लावलेल्या पात्यावर धारेलगत ढगासारखी सुंदर रेघ उमटते आणि तिचे पैसेही घेतात. अशा पात्याची धार कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५८-६० पर्यंत कडक असते, पाठ मऊ. वार तिरका बसला की मऊ पाठ वाकते आणि वाकलेलीच राहते. सगळं पातं ५० ते ५५ च्या आसपास कडक असेल तर ते वाकून परत येतं. पहिल्या वर्षी तुमचे वार तिरके बसणारच आहेत, म्हणून सगळं सारखं कडक केलेलं पातं घ्या.

'हजार घड्यांचं पोलाद', नागमोडी नक्षी वगैरे या किमतीत सोडून द्या. बऱ्याचदा ती नक्षी आम्लानं कोरलेली असते. खरी असली तरी स्वस्तातली घडी म्हणजे वेल्डिंगच्या आणखी दहा जागा, आणि त्यातली एक कच्ची निघाली तरी पुरे. जुनी चिनी पद्धत वेगळी होती. कडक पोलादाची पट्टी मऊ लोखंडाच्या दोन गालांमध्ये बसवायची. आपल्याकडे कुऱ्हाडीच्या तोंडाला पोलाद घालतात, तिचीच ही बहीण. चांगल्या हातांनी केली तर उत्तम, पण ती पहिल्या तलवारीच्या किमतीत येत नाही.

मुठीच्या आत काय आहे

आता मुद्द्याचं. पात्याचा जो भाग मुठीत शिरतो, त्याला आपण शेपूट म्हणू. हे शेपूट पात्याच्याच पोलादातलं, एकसंध हवं. जाहिरातीतले 'फुल टँग', म्हणजे पात्याएवढंच रुंद शेपूट, हे शब्द वाचून भुलू नका. चिनी तलवारीचं शेपूट पात्यापेक्षा निमुळतं असणं हीच तिथली रीत आहे. निमुळतं असण्यात दोष नाही. जोड असण्यात आहे.

चार गोष्टी विचारा. पहिली, मूठ काढलेल्या अवस्थेतला फोटो. जो देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. दुसरी, पातं संपून शेपूट सुरू होतं तिथले कोपरे. ते काटकोनात कापलेले असतील तर वाराचा सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो आणि भेग तिथूनच धरते. कोपरा गोलसर हवा, बोटाच्या टोकासारखा. तिसरी, शेपटाची रुंदी. परजेपाशी, म्हणजे हाताच्या ढालीपाशी, ती पात्याच्या निम्म्याहून जास्त असावी. चौथी, शेपूट शेवटी कसं अडकवलं आहे. मुठीच्या टोकाच्या बोंडातून बाहेर काढून ठोकून रिव्हिट केलं असेल तर सगळ्यात उत्तम. बोल्ट-नट असेल तरी चालेल, पण आटे शेपटावरच कापलेले हवेत, वेगळी सळई जोडून नव्हे. आट्यांची तलवार दर वेळी तपासावी लागते. दाओमध्ये मुठीतून आडवी खीळही असेल तर भरवसा वाढतो.

मूठ लाकडाची आणि वर दोरी गुंडाळलेली असावी. गुळगुळीत पॉलिश केलेली मूठ एप्रिलच्या घामात हातातून सटकते. इथे आपल्या हवामानाची एक गोष्ट लक्षात घ्या. या तलवारी बऱ्याचदा चीनमधल्या झेजियांग प्रांतातल्या लोंगच्युआन या गावी बनतात, तिथली हवा दमट. तिथे घट्ट बसलेलं लाकूड मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या ४४-४५ अंशांत कोरडं होऊन आकसतं, आणि मूठ खुळखुळायला लागते. आषाढात तेच लाकूड फुगतं आणि पातं म्यानातून निघता निघत नाही. म्हणजे घेताना घट्ट असलेली तलवार आपल्याकडे वर्षातून दोनदा स्वभाव बदलते. ऐन उन्हाळ्यात तिच्यानं वार करण्याआधी मूठ तपासलीच पाहिजे.

पार्सल आल्यावर

आधी मोजून कागदावर लिहून घ्या. व्हर्नियर असेल तर पाठीची जाडी तीन जागी मोजा: परजेपाशी, मध्यावर आणि टोकाच्या ५ सेंटिमीटर अलीकडे. चांगल्या दाओत ती ६ मिलिमीटरच्या आसपास सुरू होऊन टोकाला अडीच-तीनवर येते. तिन्ही जागी सारखीच भरली तर ती पट्टी कापून बनवली आहे, घडणीचा विचार नाही. मग तलवार बोटावर तोलून पाहा. तोल परजेपासून १२ ते १८ सेंटिमीटरवर असावा. त्याच्या बराच पुढे गेला तर वार थांबवणं कठीण जाईल.

पाठीकडून डोळ्याला लावून पातं सरळ आहे का ते पाहा, बंदुकीनं नेम धरावा तसं. मग लोहारआबांची युक्ती करा. तलवार सैल धरून पात्याच्या मध्याला नखानं टिचकी मारा आणि कान द्या. आबा म्हणतात, "लोखंड बोलस." एकसंध तलवारीचा नाद लांबतो, हळूहळू विरतो. मुठीत काही सैल असेल तर नादात खरखर येते किंवा तो लगेच मरतो. आता बोंडावर तळव्यानं दोन-चार थापा मारा, खुळखुळ ऐकू आली तर तलवार परत पाठवा. शेवटी टोक लाकडाच्या फळीला टेकवून पातं ५ सेंटिमीटरएवढंच वाकवा आणि सोडा. ते सरळ व्हायला हवं. याहून जास्त वाकवून शौर्य दाखवू नका, चांगलं पातंही त्यानं खराब होतं.

धार बहुतेक वेळा अर्धीच लावलेली येते. धारवाल्याच्या कोरड्या चाकावर देऊ नका. ठिणग्या उडता उडता कडेवर निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं म्हणून समजा, आणि उतरलेलं पाणी घरी परत चढत नाही. पाण्याचा दगड घ्या, आधी ४०० नंबरचा खरखरीत मग १००० चा बारीक, आणि बाजू बदलत हातानं काढा. दोन संध्याकाळ जातील. कड वस्तऱ्यासारखी खोलगट नको, तांदळाच्या दाण्यासारखी किंचित फुगीर हवी. ती लवकर दुमडत नाही.

कशावर वार करायचे

खानदेशात याबाबतीत आपण श्रीमंत आहोत. सुरुवात पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीनं करा, झाकण काढून. बाटली खोटं बोलत नाही. रेघ बरोबर असेल तर वरचा तुकडा जागच्या जागी पडतो, चुकली तर अख्खी बाटली उडते. नंतर ज्वारीचं हिरवं ताट, ऊस, रात्रभर पाण्यात भिजवलेली वर्तमानपत्रांची गुंडाळी.

मग केळीचं खोड. ते खरं तर एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचं आणि बहुतांश पाण्याचंच असतं, त्यामुळे मऊ. पण वीतभर जाडीचं खोड पातं धरून ठेवतं. अर्ध्यात अडकलं तर मूठ हलवून, पिळून सोडवू नका. बहुतेक पाती कापताना नव्हे, सोडवताना वाकतात. आल्या वाटेनं सरळ मागे ओढा. आधी वरचा निमुळता भाग, दोन-तीन आठवड्यांनी खालचा. वार करण्याआधी सुकलेली पानं सोलून आत हात फिरवून पाहा. आधाराची पट्टी, तार, ठिबकची नळी गुंतलेली असते. बुंध्याजवळ माती उडालेली असते, आणि मातीतला खडा धारेला जे करतो ते बांबूही करत नाही. वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, मात्र कधीच नाही. ती दिसते काडी, पण असते लाकूड.

उभं राहण्याचं एकच सांगतो. उजवीकडून डावीकडे खाली वार येणार असेल तर डावा पाय मागे ठेवा, कारण फसलेला वार तिथेच येऊन थांबतो. हात लांब करून तलवारीसह गोल फिरा, त्याच्या दुप्पट अंतरात माणूस, गुरं, लेकरं कोणी नको. मागे उभं राहूनही बघू देऊ नका. पायात बूट असू द्या, चप्पल नाही. दमलात की थांबा. माझा चौथा वार थकव्याचा नव्हता, पण बाकीच्या चुका थकव्यातच होतात.

तेल, चीक आणि पावसाळा

केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग जन्मभर जात नाही, हे इथल्या कोणाला सांगायला नको. पोलादावरही तो पाच मिनिटांत काळपट चढतो आणि तिथून गंज धरतो. म्हणून बादली आणि कोरडं फडकं वार सुरू करण्याआधीच जवळ ठेवा. दर दहा वारांनी पुसा, काम संपल्यावर पाण्यानं धुऊन, कोरडं करून लगेच शिलाई मशीनचं तेल लावा. खायचं तेल नको. सरकी असो की शेंगदाणा, ते चिकट होऊन धूळ धरतं.

जून ते सप्टेंबर तलवार म्यानात ठेवू नका, लाकूड ओल धरतं. तेल लावून सुती कापडात गुंडाळा, कुलपाच्या कपाटात आडवी ठेवा, किल्ली स्वतःजवळ. परवान्याची प्रतही तिथेच. घरात लेकरं असतील तर हे सगळ्यात महत्त्वाचं.

आमच्या मळ्यात आता नियम असा आहे: वार सुरू करण्याआधी मामा स्वतः मूठ हातात घेतात, बोंडावर थाप मारतात आणि कान लावून ऐकतात. त्यांनी मान हलवली तरच मी खोडासमोर उभा राहतो. तुकडे तिथेच सरीत पडतात, कुजून खत होतात. बाटल्यांचे तुकडे मात्र मोजून गोळा करायचे, कारण संध्याकाळी त्याच बांधावर गाय चरायला येते.